तपकिरी केटलचं झाकण

क्लेमेंटी, सिंगापूर
९ फेब्रुवारी २०२५

निशिकांत भाऊजी,

नमस्कार. फोनवर केटलचा विषय काढला की तुम्ही सविताच्या गुडघ्याबद्दल बोलू लागता. म्हणून पत्र लिहिते आहे. लिहून विचारलेल्याला लिहूनच उत्तर द्यावं लागतं.

प्रबोधला जाऊन आता तीन महिने होतील. त्याच्या त्या झाकणाच्या, कोळशाच्या बार्बेक्यू शेगड्यांपैकी दोन इथे आहेत, हिरवी आणि काळी. (तो असता तर म्हणाला असता, "शेगडी नव्हे सुचित्रा, केटल.") बाकीच्या मी घरात येऊ दिल्या नाहीत. कॉरिडॉरमध्ये ठेवल्या असत्या तर टाऊन कौन्सिलची नोटीस आली असती. त्या तुमच्या घरातल्या कोठीत, म्हणजे बॉम्ब शेल्टरमध्ये गेल्या आणि तिथेच राहिल्या. त्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. तुम्ही दोघांनी मिळून गोळा केल्या, मिळून घासल्या. मला त्यांत रस नव्हता, आजही नाही.

मला फक्त तपकिरी हवी आहे.

जाईला एप्रिलमध्ये तिच्या कॉन्डोचा ताबा मिळतो. तिला घरात बाबांची एक वस्तू हवी आहे आणि तिने ही निवडली. कारण तुम्हाला माहीत आहे. पाहुणा आला की प्रबोध तिची गोष्ट सांगायचा. पन्नास वर्षांपूर्वीची अमेरिकन केटल. झाकण, भांडं, पाय, सगळं एका दिवशी एका कारखान्यातून निघालेलं, अजून एकत्र. "तीन जण बघून गेले, कुणाला कळलं नाही. मला कळलं." हे वाक्य मला पाठ आहे. जाईलाही आहे.

कधी पाठवता ते कळवा.

सुचित्रा

हौगांग
१७ फेब्रुवारी २०२५

सुचित्रावहिनी,

पत्र मिळालं. केटल सुखरूप आहे. पण ती इतक्यात देण्यासारखी नाही. एका पायाच्या टोकाला गंज आहे, राखेचं ताट वाकलं आहे. प्रबोधचं तेवढं काम राहिलं होतं, ते मी करतो आहे. ह्या कामात घाई चालत नाही. एनॅमल म्हणजे लोखंडावर चढवलेली काच. एकदा टवका उडाला की तो परत बसत नाही.

जाईला निळी चालेल का? निळी दिसायला अधिक चांगली आहे. ती मी ह्याच आठवड्यात पाठवू शकतो.

तुम्ही जेवायला कधी येता, असं सविता विचारते.

निशिकांत

क्लेमेंटी
२ मार्च २०२५

निशिकांत भाऊजी,

मी गुरुवारी तुमच्याकडे येऊन गेले. सकाळी तुम्ही पोहायला गेला होतात. गुरुवारी तुम्ही पोहायला जाता हे मला माहीत होतं.

"वहिनी, फोन तरी करायचा," सविता म्हणाली.

"जवळच आले होते," मी म्हटलं. क्लेमेंटीहून हौगांग जवळ नाही हे तिलाही कळतं. तिने चहा टाकला.

केटल बघायची आहे म्हटल्यावर तिने शेल्टरचं दार उघडलं. प्रबोधची तपकिरी दारापाशीच होती. तिच्या मागे भिंतीला लागून आणखी एक होती, चादरीखाली. चादरीचं एक टोक सरकलं होतं. खाली तपकिरी रंग दिसला.

"ही कुणाची?"

"ह्यांची. जुनी आहे. ती अशीच झाकलेली असते."

"प्रबोधला माहीत होती?"

"मला नाही बाई ठाऊक. प्रबोधभाऊजी यायचे असले की हे आधी आत जाऊन चादर नीट करायचे."

सविता सरळ आहे. मी विचारलं नसतं तर तिच्या ते लक्षातही आलं नसतं.

तुमच्याकडेही तपकिरी आहे हे प्रबोधने मला कधी सांगितलं नाही. आठवड्यातून दोनदा तो तुमच्याकडे येत होता. त्याला माहीत असतं तर तो रात्रंदिवस त्याबद्दलच बोलला असता. म्हणजे त्याला माहीत नव्हतं. म्हणजे तुम्ही लपवलं.

माझी सगळी नोकरी ऑडिटमध्ये झाली. पाहुणा येण्याआधी झाकलेला माल मी पुष्कळ पाहिला आहे.

आणि केटलला तीन पाय असतात. मी तिन्ही पाहिले, वाकून. गंज कुठेही नव्हता.

सुचित्रा

हौगांग
६ मार्च २०२५

सुचित्रावहिनी,

केटल शनिवारी व्हॅनने येईल. पायाचं काम झालं होतं, ते कळवायचं राहून गेलं.

चादरीखालची केटल माझी आहे. प्रबोधने त्याची घेतली त्याच्या आधीपासून ती माझ्याकडे आहे. चादर धुळीसाठी होती.

एक विनंती. केटल आतल्या खोलीत ठेवा. उन्हात ठेवू नका. जुना रंग उन्हाने उडतो.

निशिकांत

क्लेमेंटी
१६ मार्च २०२५

श्री. निशिकांत देवस्थळी यांस,

उन्हात ठेवू नका असं तुम्ही लिहिलं नसतं तर मी ती उन्हात ठेवली नसती.

स्वयंपाकघरामागे आम्ही बांबूवर कपडे वाळत घालतो, तिथे सकाळी थेट ऊन येतं. काल कपडे आत घेतले आणि केटल तिथे नेली. झाकण विटेच्या रंगाचं आहे. भांडं कॉफीच्या. आत ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखी दिसतात. तुमच्या शेल्टरमध्येही दिवाच आहे, खिडकी नाही.

मला केटलमधलं काही कळत नाही. रंग कळतो.

तुमच्या केटलचं झाकण मला उन्हात पाहायचं आहे. कधी येऊ ते कळवा. उत्तर आलं नाही तर ते न येणं हेच उत्तर समजेन. दरम्यान यिशुनच्या अभयला मी बोलावलं आहे. तुमच्या केटलवाल्या तिघांत तो धाकटा आणि अजून नोकरीत आहे. त्याला खोटं बोलायला वेळ नसावा.

सुचित्रा

यिशुन
२३ मार्च २०२५
(ईमेल)

काका,

एक अवघड काम माझ्या गळ्यात पडलंय. सुचित्राकाकूंनी तुम्हाला कळवलंच असेल. काल क्लेमेंटीला जाऊन आलो.

काकूंनी चहा दिला आणि स्वतः उभ्याच राहिल्या. मी केटलकडे बघत म्हटलं, "काय सुंदर काम केलंय काकांनी." त्या म्हणाल्या, "कौतुक नंतर. हे झाकण ह्याच भांड्याचं आहे का?"

नाहीये, काका. झाकणावरच्या हवेच्या चकतीवर जे अक्षर ठोकलंय त्यावरून बनवल्याचं साल कळतं. भांड्याला पाय बसवायच्या खोबण्या त्याच्या कितीतरी आधीच्या. आणि रंग तर उन्हात आंधळ्यालाही दिसेल. दोन वेगळ्या केटलींचं लग्न लावलंय कुणीतरी. मी म्हटलं, "नाही काकू, नाहीये."

"मग ह्याचं झाकण कुठे आहे?"

"ते केटल सांगत नाही, काकू."

"केटल नसेल सांगत. तू सांग."

मी दुसरा चहा मागितला. दुसरं काय करणार?

आता माझे प्रश्न. एनॅमलला उन्हाने काही होत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. मग काकूंना तसं का लिहिलंत? त्यांनी ते पत्र मला दाखवलं. त्यांना वाटतंय की प्रबोधकाकांच्या केटलचं मूळ झाकण तुम्ही स्वतःच्या केटलला लावलंत आणि कुठलं तरी त्यांच्या भांड्यावर ठेवून दिलंत. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं.

पण तुमची तपकिरी मी पाहिली आहे. प्रबोधकाकांनी त्यांची घेतली त्याच्या खूप आधी, तुम्ही मला ती इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर आणून दाखवली होती, भर दुपारी. तेव्हाही तिचं झाकण तिचंच होतं. मी हे काकूंना सांगितलं नाही. एक तर त्यांनी विचारलं नाही. आणि तुम्ही स्वतः हे सांगत नाही आहात, म्हणजे काहीतरी असणार असं वाटलं.

मी एक वाक्य बोललो की तुम्ही सुटता. बोलू?

अभय

हौगांग
२४ मार्च २०२५
(ईमेल)

अभय,

बोलू नकोस. कारण सांगतो. ते तुझ्यापाशी ठेव.

प्रबोध आणि मी एका बँकेत होतो, हे तुला माहीत आहे. तो तिथून का गेला हे तुला कुणी सांगितलं नसेल. एका कंपनीने तेलाच्या पिंपांवर कर्ज मागितलं. प्रबोध गोदामात गेला. पिंपांच्या रांगांमधून हिंडला, हात लावला, परत येऊन सही केली. पिंपांत पाणी होतं. त्याने एकही उघडून पाहिलं नव्हतं. लबाडी त्याची नव्हती, हे सगळ्यांना मान्य होतं. तरी त्याला जायला सांगितलं गेलं.

त्या दिवशी तो घरी गेला आणि वहिनी त्याला म्हणाल्या, "तुला डोळ्यांसमोरचं दिसत नाही, प्रबोध. कधीच दिसलं नाही." रागात म्हणाल्या. पुन्हा कधी म्हणाल्या नसतील. पण ते वाक्य त्याने मला सांगितलं, आणि पुढे वर्षभर तो जवळजवळ कुणाशी बोलला नाही.

मी त्याला केटलींकडे ओढलं ते ह्या काळात. तो यायचा, बघायचा, जायचा. मग एका रविवारी त्याचा फोन आला. "निश्या, ये. बुकिट तिमाहला. टॅक्सी करून ये." एक अमेरिकन कुटुंब सामान विकायला काढत होतं. बंगल्याच्या आवारात, हिरवळीवर, ती केटल उभी होती. "तीन जण बघून गेले," तो म्हणाला. "कुणाला दिसलं नाही. बघ, सगळी मूळ आहे. मला दुरूनच कळलं."

लख्ख ऊन होतं. झाकण दुसरं आहे हे मला फाटकातूनच दिसलं.

त्याला का दिसलं नाही हे मला सांगता येत नाही. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हटलं, "छान आहे."

घरी येऊन माझी केटल चादरीखाली घातली. दोन्ही शेजारी उभ्या राहिल्या असत्या तर एखाद्या दिवशी त्याला कळलं असतं. त्याने त्याच्या केटलचं सगळं काम माझ्या स्वयंपाकघरात, फरशीवर बसून केलं. झाकणावर सर्वांत जास्त वेळ घालवला. काम करता करता तो हळूहळू बोलायला लागला.

तो गेल्यावर मी योग्य झाकण शोधलं. बाहेरच्या तीन संग्राहकांना लिहिलं. नुसतं झाकण कुणी देत नाही. ज्याच्याकडे असतं त्याच्याकडे भांडंही असतं. वेळ काढण्यासाठी वहिनींना गंजाचं खोटं कारण दिलं. खोटं मला नीट जमत नाही, हे तू पाहिलंसच.

आता वहिनींना खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुमचं वाक्य बरोबर होतं? ज्या एका गोष्टीचा त्याला अभिमान होता, तिथेही त्याला समोरचं दिसलं नव्हतं? आणि हे त्याच्या मित्राला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?

त्यापेक्षा मी चोर ठरलेला बरा. मी जिवंत आहे. मला सवय करून घेता येईल.

निशिकांत

यिशुन
२५ मार्च २०२५
(ईमेल)

काका,

तुम्ही सांगता म्हणून गप्प बसतो. पटलेलं नाही. प्रबोधकाका गेले. त्यांना आता कोण काय बोलणार आहे? बोलणी तुम्हाला बसतील, आणि सविताकाकूंना.

आणि एक गोष्ट तुम्ही हिशेबात धरलेली नाही. चोरी कबूल केली की माल परत द्यावा लागतो. तुम्ही हो म्हणालात की त्या मूळ झाकण मागणार. ते कुठून आणणार?

अभय

क्लेमेंटी
६ एप्रिल २०२५

श्री. निशिकांत देवस्थळी यांस,

तीन आठवडे वाट पाहिली. झाकण दाखवायला बोलावलं नाहीत.

अभय झाकण दुसरं आहे म्हणतो. त्यापुढे विचारलं की चहा मागतो. त्याला काहीतरी माहीत आहे आणि ते तुमच्या बाजूचं नसावं, नाहीतर तो बोलला असता.

मी पोलिसांत जाणार नाही. शेगडीच्या झाकणासाठी कुणी पोलिसांत जात नाही. पण प्रबोध तुम्हाला भावासारखं मानत होता, म्हणून एकदाच, सरळ विचारते. झाकण बदललंत का? हो किंवा नाही एवढंच लिहा. मधलं काही लिहू नका.

जाईला २० तारखेला घराचा ताबा मिळतो. तिला ह्यातलं अजून काही माहीत नाही.

सुचित्रा

हौगांग
१० एप्रिल २०२५

सुचित्रावहिनी,

हो.

तुमचं झाकण अभयबरोबर पाठवतो. सध्या जे भांड्यावर आहे ते त्याच्याकडे द्या.

निशिकांत

यिशुन
२१ एप्रिल २०२५
(ईमेल)

काका,

काम झालं. काल जाईच्या नव्या घरी नेऊन दिलं. टॅक्सीत तुमचं झाकण मांडीवर घेऊन बसलो होतो. ड्रायव्हरने विचारलं, "अंकल, ड्रम आह?" मी हो म्हटलं.

जाईची खोकी अजून उघडलेली नाहीत, पण केटल खिडकीपाशी मांडून ठेवलीय. मी जुनं झाकण उचललं, तुमचं ठेवलं. काका, ते असं बसलं की मला आवाजसुद्धा आला नाही. ऊन पडलं होतं. एकच रंग, वरपासून खालपर्यंत.

जाई म्हणाली, "वाह, नाऊ सेम कलर, लाह. बिफोर वाय डिफरंट?"

काकू म्हणाल्या, "आधीपासून सेमच होता. मधे एकाच्या हाताला चिकटला होता."

"हू?"

"होता एक. तुझ्या बाबांचा मित्र."

जाईने माझ्याकडे पाहिलं. मी बुटाची लेस बांधायला वाकलो. माझे बूट दाराबाहेर होते.

आपल्या मराठी मंडळात हे पसरलंय. काकूंनी सांगितलं असं नाही, पण त्यांनी पुढच्या कार्यक्रमाच्या यादीत तुमचं नाव नको म्हटलं, आणि का म्हणून विचारल्यावर कारण दिलं. मला दोघांनी विचारलं. एक जण हसत होता: "झाकणचोर म्हणे?" मी त्याच्याशी भांडलो नाही, कारण भांडलो असतो तर सगळंच बोललो असतो.

प्रबोधकाकांचं झाकण माझ्याकडे आहे. शनिवारी आणतो. तुमच्या केटलवर ते चांगलं दिसणार नाही. तुमची सिंगापुरातली सर्वांत नीट राहिलेली केटल होती, काका. होती असं लिहिताना मला राग येतोय.

अभय

क्लेमेंटी
१३ जुलै २०२५

निशिकांत भाऊजी,

गेल्या रविवारी जाईने केटल पहिल्यांदा पेटवली. तिच्या कॉन्डोत खाली बार्बेक्यूची जागा आहे, तिथे. तिच्या मैत्रिणी कोंबडीचे तुकडे घेऊन आल्या होत्या. जाईने आधी माझी वांगी भाजली, झाकण लावून, मग बाकीचं. वांगी चांगली झाली. हे प्रबोधला मी कधी म्हटलं नव्हतं.

केटल निवल्यावर जाई झाकण आतून पुसायला बसली. मी बाजूला होते. ती थांबली. मग भांड्यातली राख काढून तिने भांडं आतून पुसलं. मग पुन्हा झाकण. म्हणाली, "आई, धिस वन नॉट बाबा."

मला कळलं नाही. तिने माझं बोट धरून आत फिरवलं.

प्रबोध केटल आतून नारळाची शेंडी आणि ओली राख घेऊन घासायचा, त्याची आई साताऱ्याला भांडी घासायची तशी. गोल गोल. तुम्ही त्यावरून त्याला ओरडायचात म्हणे, एनॅमलवर ओरखडे पडतात म्हणून. जाईला हे माहीत आहे. ती तुमच्या स्वयंपाकघरात त्याच्या शेजारी बसायची. मला माहीत नव्हतं. मी तिथे कधी बसले नाही. भांड्यात आत सगळीकडे बारीक गोल रेघा आहेत, उजेडात तिरपं धरलं की दिसतात. झाकणात एकही नाही. झाकणात पात्याच्या सरळ रेघा आहेत. "बाबा नेव्हर डू स्ट्रेट वन," जाई म्हणाली. काचेवरचा ओरखडा पुसता येत नाही, हेही तिनेच सांगितलं.

म्हणजे हे झाकण प्रबोधच्या हाताखालून कधीच गेलं नाही. म्हणजे त्याच्या केटलवर पहिल्यापासून ते दुसरंच होतं, विटेच्या रंगाचं. ते त्याने विकत घेतलं, घासलं आणि पाहुण्यांना दाखवलं.

ते झाकण माझ्या घरी महिनाभर होतं. मी त्याचा रंग पाहिला. आत पाहिलं नाही.

अभयला फोन केला. तो म्हणाला, "काकू, मी काकांना शब्द दिलाय." तेवढं पुरलं.

तुम्ही मला खोटं लिहिलंत. मी हो किंवा नाही विचारलं होतं, आणि तुम्ही हो लिहिलंत. तुम्ही चोरी केली असतीत तर मला सोपं गेलं असतं. चार महिने मी तुमच्याबद्दल जे बोलले ते आता कुठे ठेवायचं हे मला कळत नाही. आणि तुम्ही असं का केलंत ह्याचं मला एकच कारण सापडतं. बँकेतून तो आला त्या दिवशी मी त्याला काय म्हटलं होतं, ते त्याने तुम्हाला सांगितलं होतं. बरोबर ना? एवढी वर्षं तुम्ही आमच्याकडे जेवत होतात आणि ते तुम्हाला माहीत होतं.

तुमचं झाकण परत घ्या. त्याचं पाठवा. रंग जुळत नसला तरी चालेल, जाईलाही चालेल. तिला मी काय सांगितलं ते विचारू नका. मंडळातही मी सांगेन, ज्यांच्यापुढे बोलले त्यांच्यापुढेच.

सविताला विचारा, मी आले तर दार उघडेल का.

सुचित्रा

हौगांग
२० जुलै २०२५

सुचित्रावहिनी,

सविता दार उघडेल. ह्या वेळी फोन करून या, असं तिने सांगितलं आहे.

मंडळात काही सांगू नका. मी झाकण बदललं नव्हतं हे सांगायला उभ्या राहिलात की कुणीतरी विचारील, मग झाकण दुसरं कसं? त्याचं उत्तर प्रबोधला लागतं. माझं तिथे फारसं अडत नाही. गाणी पूर्वीही मला ऐकवत नव्हती.

तुमच्या प्रश्नाला हो. त्याने सांगितलं होतं. तक्रार म्हणून नाही. तुमचं म्हणणं बरोबर आहे का, हे मला विचारण्यासाठी सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. त्यानंतर काही महिन्यांनी ती केटल मिळाली. हिरवळीवर उभा राहून मी खरं बोललो असतो तर माझं ते 'नाही'सुद्धा खोटं ठरलं असतं.

माझं झाकण जाईकडेच राहू द्या. ते भांड्यावर नीट बसतं आणि आत धूर धरतं. वांगी चांगली झाली असं तुम्ही लिहिलंत, त्यात त्या झाकणाचाही भाग आहे.

त्याचं झाकण मी देणार नाही.

अभय घेऊन आला तेव्हा मी ते उलटं करून पाहिलं. आधीही अनेकदा पाहिलं होतं, पण तेव्हा तो समोर बसलेला असायचा आणि मी त्याला रेघांवरून बोलत असायचो. आता मी त्यात बोट फिरवतो. तो मधून सुरुवात करायचा आणि कडेकडे जायचा. एका जागी रेघा दाट आहेत. तिथे तो बराच वेळ थांबला असणार. त्या दिवशी काय बोलत होता ते मला आठवत नाही, आणि ते आठवेपर्यंत झाकण इथून हलवायची माझी इच्छा नाही.

तुमच्याकडे ते आलं तर तुम्ही ते उन्हात न्याल. तुम्हाला दिसतं, वहिनी, त्यात तुमचा दोष नाही. पण दर वेळी तुम्हाला आधी रंग दिसेल, नंतर रेघा. माझ्याकडे ते शेल्टरमध्ये आहे. तिथे फक्त रेघा दिसतात.

मार्चमध्ये तुमचं म्हणणं होतं की प्रबोधची एक वस्तू मी स्वतःकडे ठेवून घेतली आहे. तेव्हा ते खरं नव्हतं. आता आहे. कुणाला सांगायचंच असेल तर हे सांगा.

निशिकांत